नवीन कंडेन्सर घेण्याआधी आवाजाचा अंदाज काढून घेतला: सांगलीतल्या आमच्या कोल्ड स्टोरेजचा अभिप्राय

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कुठे कापला ते पुढे सांगते.

सेवा अशी: नवीन मशीन बसवायच्या आधी तिचा आवाज शेजारच्या घरांपाशी किती भरेल याचा हिशोब मांडून देणं. तो जास्त भरत असेल तर मशीन कुठे ठेवायची, पंखा कसा चालवायचा, काय झाकायचं तेही सांगणं. फर्मचं नाव इथे देत नाही. हे काम करणारे लोक पुण्यात आहेत, कोल्हापुरात आहेत, तुम्ही कुणालाही बोलवा. त्यांच्याकडून काय काय मागून घ्यायचं ते आधी ठाऊक असलं पाहिजे, म्हणून सविस्तर लिहितेय. तासगाव, सावळज, कवठेमहांकाळ, मिरज, आपल्या लाइनीतलं कुणी ना कुणी दरवर्षी एखादं चेंबर वाढवतंच, आणि बहुतेकांच्या भिंतीपलीकडे आता वस्ती येत चाललीय.

आमचं बेदाण्याचं कोल्ड कुपवाड एमआयडीसीच्या कडेला आहे. सासऱ्यांनी बांधलं तेव्हा मागे शाळवाचं रान होतं. आता तिथे प्लॉट पडून बंगले झालेत. सगळ्यात जवळचं घर एका निवृत्त गुरुजींचं, आमच्या कंडेन्सरपासून, म्हणजे प्लँटमधली उष्णता पंख्यानं बाहेर टाकणाऱ्या मशीनपासून, ४० मीटरवर. गुरुजी कधी भांडायला आले नाहीत. पण आम्ही चेंबर वाढवतोय हे कानावर गेल्यावर ऑफिसात येऊन बसले आणि म्हणाले, "वहिनी, आवाज मोठा आहे असं मी म्हणत नाही. थांबत नाही, एवढंच. रात्री उशीवर डोकं टेकलं की भिंतीतून येतोय असं वाटतं. आता दुसरं मशीन आलं तर आमच्या हिला त्या खोलीत झोपवायचं की नाही, ते तुम्हीच सांगा."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मशीन विकणाऱ्याच्या कॅटलॉगात 'लो नॉइज' एवढंच छापलेलं. 'लो' म्हणजे किती, कुठे उभं राहून, कितव्या स्पीडला, काही नाही.

नियम काय म्हणतो ते आधी सांगते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल, निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. आमची हद्द औद्योगिक, गुरुजींची निवासी, मधे एक कंपाउंड. म्हणजे आमच्या आवारात ७० चालेल पण त्यांच्या दारात ४५ च्या वर जाता कामा नये. त्याच नियमांत असंही आहे की मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज असेल तर माणूस तक्रार करू शकतो. काही जण त्याचा अर्थ ५५ पर्यंत मोकळीक असा लावतात. मला तो पटत नाही. गुरुजींच्या आजारी बायकोची झोप माझ्या पंख्यानं मोडत असेल तर ५४ आकडा दाखवून मी तिला काय समजावणार?

आता कामाविषयी. फर्ममधून एक ज्येष्ठ इंजिनिअर आणि त्यांच्या हाताखालची एक मुलगी आली. येतानाच त्यांनी फोनवर एक अट घातली होती: मोजणी रात्रीच करायची, आणि मध्यरात्रीनंतर मशिनी एकेक करून बंद-चालू करायला ऑपरेटर जागा पाहिजे. मला इथेच बरं वाटलं. भर दुपारी येऊन गेटपाशी मीटर धरून रिपोर्ट देणारेही असतात. एमआयडीसीतून ट्रक जात असताना घेतलेल्या रीडिंगचा गुरुजींच्या झोपेशी काय संबंध?

आवाज मोजायचा मीटर क्लास वनचा, म्हणजे जास्त अचूक दर्जाचा, होता. सुरुवातीला आणि शेवटी त्याला एक छोटा कॅलिब्रेटर लावून १००० हर्ट्झला ९४ डेसिबल दाखवतो का ते तपासलं, आणि दोन्ही वेळचा आकडा रिपोर्टात लिहिला. माइकवर स्पंजचा गोळा, वाऱ्याचा आवाज पकडू नये म्हणून. एक मीटर गुरुजींच्या अंगणात स्टँडवर, भिंतीपासून लांब. भिंतीजवळ ठेवला तर परत फिरलेला आवाज मिळून आकडा तीनेक डेसिबलनं फुगतो, असं त्या मुलीनं सांगितलं. दुसरा मीटर वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर, कारण झोपायची खोली वर आहे. माझ्या मुलानं मोबाइलवरचं ॲपही सोबत चालू ठेवलं होतं. त्याचा आकडा जवळपास जुळला, पण आवाजात खालची घरघर किती आहे हे ॲपला काही सांगता येईना.

मध्यरात्रीनंतर खरं काम सुरू झालं. आधी सगळं चालू: ५० डेसिबल. मग सगळं बंद: ३८. ही ३८ म्हणजे रातकिडे, लांबचा रस्ता, कुठेतरी कुत्रं. आपल्याकडे चेंबरला चार-पाच डिग्री असतात, थोडा वेळ प्लँट थांबला तर मालाला काही होत नाही, त्यामुळे ही चाचणी कोल्डवाल्यांना सहज जमते. त्यानंतर फक्त कॉम्प्रेसर चालू आणि कंडेन्सरचा पंखा बंद. हे जपून करावं लागतं, पंखा नसला की हेड प्रेशर, म्हणजे कंडेन्सरमधला दाब, चढतं. आमचा ऑपरेटर गेजवर डोळा लावून उभा होता आणि ओरडून सांगत होता, "मॅडम, आवरा आता, काटा चढाय लागला." तेवढ्या दोन-चार मिनिटांत आकडा मिळाला, ४४. यावरून उरलेला वाटा पंख्याचा, साधारण ४९ ला थोडा कमी.

४४ आणि ४९ मिळून ५० कसे, हे मी तिथेच विचारलं. डेसिबलची बेरीज आपल्या बेरजेसारखी होत नाही. दोन सारखे आवाज मिळाले तर फक्त ३ वाढतात, आणि एक दुसऱ्यापेक्षा बराच मोठा असेल तर लहानाची भर जेमतेम लागते. म्हणून आधी मोठ्याला हात घालायचा. कॉम्प्रेसर रूमवर कितीही खर्च केला असता तरी पंखा तसाच राहिला असता तर गुरुजींकडे ४९ राहिलेच असते. केवळ ही एक गोष्ट कळावी म्हणून मी फी दिली असती.

गुरुजींचं "भिंतीतून येतोय" हे वाक्य इंजिनिअरांनी वहीत लिहून घेतलं होतं, ते मला फार आवडलं. त्याचं कारण मीटरवर निघालं. ए पट्टीवर ५० दिसत होते तेव्हा सी पट्टीवर ६८. ए पट्टी माणसाच्या कानाप्रमाणे खालचे स्वर बरेच वजा करते, ६३ हर्ट्झच्या आसपास तब्बल २६ डेसिबल. सी पट्टी तिथे जवळजवळ काहीच वजा करत नाही. दोन्हींत एवढं अंतर पडलं की खालच्या स्वराची घरघर जास्त आहे असं समजायचं. पुढे आवाजाचे स्वरांप्रमाणे पट्टे पाडून बघितलं तर ६३ हर्ट्झला सरळ सुळका. आमच्या पंख्याला सहा पाती, मिनिटाला ६४० फेरे. सहा गुणिले ६४०, भागिले ६०, उत्तर ६४. प्रत्येक पातं हवा कापतं त्याचा हा स्वर. खिडकी लावली की वरचे स्वर बाहेर राहतात आणि हा खालचा तेवढा आत येतो. त्यामुळे दार-खिडक्या बंद केल्यावर गुरुजींना तो जास्त जाणवायचा. जमिनीतून कंप जातोय का तेही त्यांनी तपासलं, तसं काही नव्हतं.

मग नव्या कंडेन्सरचा अंदाज. विक्रेत्याकडे मी मागे लागले तेव्हा कुठे १० मीटरवर ६८ डेसिबल असा आकडा आला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ उतरतात: २० मीटरवर ६२, ४० मीटरवर ५६. जुन्या मशिनरीचे ५० त्यात मिळवले की ५७. मशीन जुन्याच्या शेजारी, जिथे फाउंडेशन घालायचं आम्ही ठरवलं होतं, तिथे ठेवली असती तर गुरुजींच्या खिडकीत रात्री ५७. हा आकडा मशीन यायच्या आधी कागदावर आला. आल्यावर कळून काय उपयोग होता? चार टनांची वस्तू फाउंडेशनवरून कोण उचलणार?

हा झाला हातानं केलेला हिशोब. नंतर त्यांनी संगणकावर आमचं आवार, चेंबरची उंची, कंपाउंड, घरं सगळं घालून आवाजाचा नकाशा काढला, आयएसओ ९६१३ च्या पद्धतीनं, म्हणजे आवाज लांबवर किती पोचेल ते काढायच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनं. तिची एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची आहे. ती पद्धत वारा मशीनकडून घराकडे आहे, किंवा रात्री जमिनीलगत थंड हवा आणि वर उबदार हवा असा थर बसलाय, असं धरूनच गणित करते. अशा हवेत आवाज वर निसटत नाही, खाली वळतो आणि लांब जातो. कृष्णाकाठी डिसेंबर-जानेवारीच्या शांत रात्री असा थर बसतोच. त्यामुळे निघालेला आकडा वाईट रात्रीचा आहे असं समजायला हरकत नाही. ज्येष्ठ इंजिनिअर सरांनी स्वतःहून हेही सांगितलं की दोन-तीन डेसिबल इकडे-तिकडे धरा, आणि ही पद्धत ६३ हर्ट्झच्या पट्ट्यापासूनच सुरू होते, त्याच्या खालच्या घरघरीला तिच्यावर विसंबू नका. स्वतःच्या मालाची उणीव गिऱ्हाइकाला आधी सांगणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो.

भिंतीचं सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे पहिला सल्ला तोच मिळतो. एका फॅब्रिकेटरनं कंपाउंडवर पत्रा चढवून १२ फूट उंच करायचं कोटेशन आधीच देऊन ठेवलं होतं. इंजिनिअरांनी तेच नकाशात घालून दाखवलं. ६४ हर्ट्झच्या लाटेची लांबी सव्वापाच मीटरच्या वर, १२ फूट म्हणजे साडेतीन मीटरच्या थोडं वर. एवढी लांब लाट एवढ्या भिंतीवरून सहज वाकून पलीकडे उतरते. अंगणात चार-पाच डेसिबल मिळाले असते, वरच्या मजल्यावर काहीच नाही, कारण तिथून पंखा सरळ दिसतो. शिवाय भिंत कंडेन्सरच्या अंगावर आणली तर त्याचीच दमट हवा फिरून आत जाते, प्रेशर वाढतं, बिल वाढतं. भिंत वाईट नाही. ती आवाज करणाऱ्या वस्तूच्या किंवा ऐकणाऱ्याच्या जवळ हवी, नजर अडवणारी हवी, वजनदार आणि बिनफटीची हवी. आमच्या जागी यातलं काही जमत नव्हतं.

आमच्याकडे आयती भिंत होती ती म्हणजे चेंबरची इमारतच. नवा कंडेन्सर तिच्या पलीकडे, पश्चिमेच्या अंगाला ठेवायचा. अंतर ८० मीटर झालं, ६ गेले. इमारतीची आड मिळाली, आणखी १०. म्हणजे ५६ चे ४०. अमोनियाची, म्हणजे थंडावा करणाऱ्या वायूची, पाइपलाइन लांबली, इन्सुलेशनचा आणि वेल्डिंगचा खर्च वाढला, ऑपरेटरला जास्त चालावं लागतं. हे तोटे खरे आहेत. पण हा खर्च एकदाच करायचा आणि आवाज रोज रात्रीचा असतो.

जुन्या पंख्याला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, लावला. माझ्या मते साऱ्या अहवालातला सर्वांत मोलाचा सल्ला हाच. पंख्याचा स्पीड थोडासा उतरवला तरी आवाज भराभर उतरतो: ७० टक्क्यांवर आणला की साधारण ८ डेसिबल कमी, आणि वीज जवळपास एक तृतीयांशावर येते. रात्री हवा गार, कंडेन्सरला पूर्ण वाऱ्याची गरजच नसते. सांगलीच्या मे महिन्यातही रात्रीची हवा कोरडी, पाणी चांगलं गार होतं, त्यामुळे ते चाललं. जूनमध्ये हवा दमट झाली की मात्र स्पीड वाढवावा लागणार, हे त्यांनी लिहूनच दिलंय. बसवताना स्पीड हळूहळू खाली आणून बघितला तेव्हा एका ठिकाणी शेडचा पत्रा थरथरायला लागला. तो स्पीड ड्राइव्हमधून वगळून टाकला. आणि ड्राइव्हमुळे मोटरला जी बारीक शिट्टी येते तिच्यासाठी ड्राइव्हची कॅरिअर फ्रिक्वेन्सी, म्हणजे त्याच्या आतल्या बंद-चालूचा वेग, वाढवून घेतली. ही शेवटची दोन कामं कुठल्याच कोटेशनात नसतात. माणूस जागेवर थांबून करत असेल तरच होतात.

आता अर्धा तारा. कॉम्प्रेसर रूमच्या भिंतीत वरच्या बाजूला हवा जायची मोठी खिडकी आहे, आवाजही तिथूनच बाहेर पडतो. पहिल्या अहवालात तिला अकूस्टिक लूव्हर, म्हणजे आवाज शोषणारी झडपांची चौकट, सुचवला होता, त्याच मापाचा. असा लूव्हर हवेची वाट अडवतो. अमोनियाच्या खोलीत हवा अडवणं म्हणजे जिवाशी खेळ, गळती झाली तर वायू बाहेर कसा जाणार? हे इंजिनिअरांच्या नव्हे, आमच्या ऑपरेटरच्या लक्षात आलं. तो म्हणाला, "मॅडम, ह्येनं आवाज जाईल, पण वास आत राहील की ओ." फर्मनं ऐकलं, खिडकी मोठी करून हवेचा हिशोब नव्यानं केला, मग लूव्हर बसला, दाराला रबर लागलं आणि कॉम्प्रेसरचा वाटा ३८ वर आला. सुधारणा केली, पण ती त्यांनी आधीच बघायला हवी होती. तुम्ही करून घ्याल तेव्हा अहवाल हातात आल्याबरोबर रेफ्रिजरेशनवाल्याला वाचायला द्या.

दुसरी नाराजी बारीक, पण मला महत्त्वाची. अहवाल सगळा इंग्रजीत. प्रदूषण मंडळाला द्यायला ठीक, पण गुरुजींच्या हातात काय ठेवू? मी एक पान मराठीत मागितलं: आज किती, मशीन आल्यावर किती, काय करणार, मग किती राहील. ते त्यांनी करून दिलं आणि पैसे वेगळे लावले नाहीत. ते पान घेऊन मी गुरुजींकडे आणि मागच्या लाइनीतल्या सगळ्या घरी गेले. गुरुजींनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि ५७ वर बोट ठेवून विचारलं, "हे होणार होतं?" मी हो म्हटलं. त्यानंतर त्यांनी बांधकाम चालू असेपर्यंत दिवसाच्या ठोकाठोकीबद्दल एक शब्द काढला नाही.

विक्रेत्याच्या बाबतीतही फर्मचा उपयोग झाला. पर्चेस ऑर्डरमध्ये काय लिहायचं ते त्यांनी मसुदा करून दिलं: १० मीटरवरच्या आकड्यासोबत मशीनची साउंड पॉवर, म्हणजे ती एकूण किती आवाज सोडते तो आकडा, पट्ट्यांप्रमाणे द्यायची, कितव्या स्पीडला ते लिहायचं, आणि बसवल्यावर मोजून जुळलं की शेवटचा हप्ता. विक्रेत्यानं थोडी कुरकुर करून सही केली. 'लो नॉइज' या शब्दाला आता आकडा आहे.

जनरेटरचं थोडक्यात. कॅनॉपीवाल्या, म्हणजे आवाज अडवणाऱ्या पेटीतल्या, डीजी सेटला एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. आमचा ८१ दाखवत होता, दाराचं गॅसकेट फाटलेलं. बदललं, बसला मर्यादेत. तुमचंही एकदा हात लावून बघा.

सगळं सुरू झाल्यावरची मोजणी फीमध्ये धरलेली होती. अंदाज होता प्लँटचा ४५ पर्यंत. गुरुजींच्या खिडकीबाहेर शांत रात्री रातकिड्यांसकट ४६ आले, दोन्ही कंडेन्सर चालू असताना. आधी एका कंडेन्सरवर ५० होते. मशिनरी दुप्पट झाली आणि आवाज कमी झाला, हे मी डोळ्यांनी मीटरवर बघितलं. ६३ हर्ट्झचा सुळकाही उतरला, स्वर ४५ हर्ट्झच्या आसपास खाली गेलाय. तो खोलीत जाणवतो का, हे मीटरपेक्षा गुरुजींच्या मिसेसना विचारा, असं सरच म्हणाले. मी विचारलं. काकू म्हणाल्या, "आहे गं, पण आता त्याच्याकडे लक्ष जात नाही."

फी ४५ हजार, अधिक १८ टक्के जीएसटी. त्यात रात्रीची मोजणी, नकाशा, पर्चेसचा मसुदा आणि नंतरची तपासणी. व्हीएफडी, लूव्हर, पाइपलाइन हा खर्च अर्थातच वेगळा. घासाघीस करायची तर मोजणीत करू नका, रंगीत छपाई आणि बाइंडिंग वगळायला सांगा.

पावसाळ्यात दमट हवेत पंख्याचा स्पीड वाढेल तेव्हा पुन्हा एक रात्र मोजायला यायचं त्यांनी कबूल केलंय. ते मी लेखी घेतलंय, तुम्हीही घ्या. तो आकडा आला की इथे खाली टाकीन.